एकर विकून डिग्री घेण्याआधी

परवा तासगाव स्टँडवर चहा घेताना ओळखीचे एक द्राक्ष बागायतदार भेटले. वयाने मोठे, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. अर्धा चहा झाल्यावर हळूच म्हणाले, "पत्रकार, एक विचारू का? पोरीला नीटला मार्क जेमतेम पडलेत. सरकारी एमबीबीएस काय लागत नाही. एक जण म्हणतोय खाजगीत बीएएमएस घ्या. दुसरा म्हणतोय फिजिओथेरपी. तिसरा म्हणतोय नर्सिंग करून परदेशी पाठवा. आणि एक एजंट मागं लागलाय, थेट एमबीबीएसच करून देतो म्हणतोय, फक्त एकरभर काढा. काय करू?"

मी काही करिअरचा सल्ला देणारा माणूस नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहिणारा माणूस. तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. पण घरी आल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना. डॉक्टरकीच्या शिक्षणाचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न काही आजचा नाही. त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या आसपास घडलाय. तो समजला तर अण्णांना उत्तर देणं सोपं जाईल असं वाटलं, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात यंदा बारावी झालीय त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

शिकायला पैसे मिळायचे तो काळ

आज ऐकून खोटं वाटेल, पण या देशात आधुनिक वैद्यकशास्त्र शिकवायला सुरुवात झाली तेव्हा फी घेणं सोडा, विद्यार्थ्यालाच पैसे मिळत होते. १८३५ साली कलकत्त्याला मेडिकल कॉलेज निघालं. तिथल्या पहिल्या मुलांना दरमहा विद्यावेतन होतं. कारण सरळ आहे. सरकारला माणसं हवी होती. लष्कराला, दवाखान्यांना, साथी आवरायला. आणि प्रेताला हात लावायचा म्हटल्यावर चांगल्या घरची मुलं यायला तयार नव्हती.

मुंबईत १८४५ ला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. शेजारच्या हॉस्पिटलसाठी जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले. पहिली तुकडी १८५१ ला बाहेर पडली, त्यात गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड होते. पुढे डॉक्टर म्हणून आणि इतिहास संशोधक म्हणून ज्यांचं नाव झालं तेच हे.

बायकांच्या बाबतीत सरकार पुढे आलं नाही, तिथं लोक पुढे आले. आनंदीबाई जोशी १८८३ ला अमेरिकेला गेल्या. त्यांना तिथल्या कॉलेजची मदत मिळाली, इथल्या लोकांनीही हात दिला. १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. इकडे कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरलेली होती. ती जागा त्यांना कधी सांभाळता आली नाही, १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. बालविवाहाच्या खटल्यामुळे गाजलेल्या रखमाबाई १८८९ ला लंडनला गेल्या, त्याही लोकांनी उभ्या केलेल्या मदतीवर. १८९४ ला डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला कितीतरी वर्षं बायकांचे दवाखाने चालवले.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडणार आहे. या सगळ्यांच्या बाबतीत पलीकडे कुणीतरी वाट बघत होतं. भाऊ दाजींची वाट मुंबई बघत होती, आनंदीबाईंची कोल्हापूरचं हॉस्पिटल, रखमाबाईंची सुरत. ज्याला गरज होती त्यानेच खर्च उचलला.

मिरजेची गोष्ट

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. डॉ. विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. त्याला जोडून वैद्यकीय शाळा चालली. तिथून बाहेर पडलेली मुलं गावोगाव गेली. आज वानलेसवाडी हे नाव आपण सहज घेतो, पण मिरजेला 'दवाखान्यांचं गाव' ही ओळख मिळाली त्याचा पाया हा आहे.

त्या काळी डॉक्टर दोन प्रकारचे असत. विद्यापीठाची पदवी घेतलेले, आणि कमी मुदतीचा, कमी खर्चाचा परवाना अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट, म्हणजे एलएमपी, एलसीपीएस वगैरे. आमच्या आजोबांच्या पिढीला 'एलेमपी डॉक्टर' हा शब्द पाठ होता. खेड्यात पोचायचा तो हाच.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यातले आकडे बघा. नोंदणी झालेले डॉक्टर सुमारे ४७,५००, त्यातले जवळपास ३०,००० लायसेन्शिएट. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स. असं असूनही समितीने सांगितलं की इथून पुढे देशात एकाच दर्जाचा, पूर्ण पदवी घेतलेला डॉक्टर असावा, लायसेन्शिएट तयार करणं थांबवावं. समितीतल्या काही सदस्यांना हे पटलं नव्हतं, पण झालं तसंच.

हेतू वाईट नव्हता. खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेला डॉक्टर का द्यायचा, हा विचार बरोबरच होता. पण त्यामुळे डॉक्टर व्हायचा स्वस्त दरवाजा बंद झाला. आता एकच दरवाजा उरला, एमबीबीएस. आणि त्याच्या आतल्या जागा मोजक्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारने कॉलेजं काढली, नाही असं नाही. मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं. फी नाममात्र. शेतकऱ्याची, शिक्षकाची, कारकुनाची मुलं मार्कांवर आत गेली आणि डॉक्टर झाली. आज साठी-सत्तरीत असलेले आपल्या भागातले नावाजलेले डॉक्टर आठवा, त्यातले कितीतरी या रांगेतले आहेत. 'पोरगं डॉक्टर झालं की घराचं सोनं होतं' ही समजूत या पिढीने तयार केली. ती त्या काळात खरीच होती. फी नगण्य, डॉक्टर कमी, पेशंट दारात.

घोळ इथंच आहे. समजूत त्या काळातली राहिली आणि हिशेब बदलला.

१९८३ नंतर

खाजगी मेडिकल कॉलेजची सुरुवात शेजारच्या कर्नाटकात झाली. मणिपालला डॉ. टी. एम. ए. पै यांनी १९५३ ला कॉलेज काढलं. बेळगावला १९६३ ला निघालं. आपल्याकडची पैसेवाल्यांची मुलं देणगी भरून तिकडे जायला लागली. आपला पैसा बाहेर जातोय, मग इथंच कॉलेजं का नकोत, असा सूर इकडे निघाला. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित तत्त्वावर कॉलेजं काढायला परवानगी दिली. मुख्य भर इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकवर होता, पण १९८४ ला लोणीला आणि कराडला मेडिकल कॉलेजंही उभी राहिली.

दादा आपल्या सांगलीचे. या निर्णयावर आजही दोन मतं आहेत, आणि मला दोन्ही खरी वाटतात. कराडसारख्या ठिकाणी मोठं हॉस्पिटल आलं, हजारो लोकांना जवळ उपचार मिळाले, हजारो मुलं शिकली. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की खर्च उचलणारा बदलला. आधी ज्याला डॉक्टर हवा होता तो पैसे देत होता, म्हणजे सरकार, संस्थान, मिशन, समाज. आता ज्याला डॉक्टर व्हायचं होतं त्याचा बाप द्यायला लागला.

देणगीचा बाजार इतका वाढला की १९८७ मध्ये महाराष्ट्राला कॅपिटेशन फीच्या विरोधात कायदा करावा लागला. कायदा झाला, पण पावती नसलेले पैसे काही थांबले नाहीत. मग प्रकरणं सुप्रीम कोर्टात गेली. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात कर्नाटकातली फी कोर्टासमोर आली: सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, राज्यातल्या इतर मुलांना २५,००० आणि बाहेरच्यांना ६०,०००. कोर्टाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात कोर्टाने एक योजना घालून दिली. खाजगी कॉलेजात निम्म्या जागा 'फ्री सीट', निम्म्या 'पेमेंट सीट'. पेमेंटवाल्याने जास्त भरायचं, त्यातून फ्रीवाल्याचं शिक्षण व्हायचं.

माझी स्वतःची गोष्ट

याच योजनेच्या काळात, १९९८ ला मी बारावी झालो. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं तेच हे वर्ष. मार्क चांगले होते, पण पुरेसे नव्हते. फ्री सीट हुकली. वडील शाळेत क्लार्क. एका संध्याकाळी एक गृहस्थ घरी आले आणि पेमेंट सीटचं 'बघतो' म्हणाले. फीशिवाय 'वरचे' किती ते त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, बोलले नाहीत. वडिलांनी तो कागद दोन मिनिटं बघितला, घडी घालून परत दिला आणि आईला चहा टाकायला सांगितलं. विषय संपला.

बरीच वर्षं मला वाटायचं की आपण गरीब म्हणून राहिलो. मग २००२ मध्ये टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्याचा निकाल आला, अकरा न्यायमूर्तींचा. मणिपालवाल्या त्याच पैंच्या नावाचा. त्यात कोर्टाने एक गोष्ट बोलून दाखवली, जी आमच्या बॅचमधल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिली होती. शहरातली, चांगल्या शाळेची, क्लास परवडणारी मुलं जास्त मार्क घेऊन फ्री सीट पटकावत होती आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला पेमेंट सीट येत होती. म्हणजे कमी ऐपतीच्या बापाने जास्त ऐपतीच्या पोराची फी भरायची! योजना कागदावर न्यायाची होती, चालली उलटी.

त्या निकालाने उन्नीकृष्णन योजना मोडीत निघाली. संस्थांना फी ठरवायची मोकळीक मिळाली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी नको, या अटीवर. २००३ ला फीवर लक्ष ठेवायला निवृत्त न्यायाधीशांच्या समित्या आल्या. २००५ ला पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या नावाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींनी या समित्या कायम ठेवल्या. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आलं. २०१६ पासून नीट सक्तीची झाली आणि मार्कांचा घोळ बराच आटोक्यात आला. पण मधल्या काळात बरीच मोठी कॉलेजं अभिमत विद्यापीठं झाली आणि अभिमत विद्यापीठाची फी या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही. आज अनेक अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसची एका वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे आहे.

आणि बाकीच्या डिग्र्या?

अण्णांचा खरा प्रश्न इथं आहे. एमबीबीएस नाही तर काय?

नर्सिंगचं बघा. नर्सिंगच्या इतिहासात १८९१ साली मुंबईत प्रशिक्षण घेतलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिल्या भारतीय नर्स म्हणून येतं. पुढे सरकारी आणि मिशनच्या हॉस्पिटलांत नर्सिंगच्या मुली तिथंच राहून शिकायच्या, वॉर्डात राबायच्या आणि त्यांना विद्यावेतन मिळायचं. हॉस्पिटलला नर्स हवी म्हणून हॉस्पिटल शिकवायचं. आज कितीतरी ठिकाणी उलट आहे. कॉलेजला फी हवी म्हणून कॉलेज शिकवतं आणि मुली प्रॅक्टिकलला दुसऱ्याच हॉस्पिटलात बसने जातात.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या दोन्ही विद्या आपल्या देशात मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये रुजल्या. १९५० ला कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. मूळच्या अमेरिकन, लग्न करून इथल्या झालेल्या. १९५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिथंच फिजिओथेरपीची शाळा आली. पोलिओ झालेल्या मुलांना उभं करायचं होतं. म्हणजे पुन्हा तेच, आधी पेशंट, मग डिग्री. पण या मंडळींना कायद्याची चौकट मिळायला किती वेळ लागला बघा. संपूर्ण देशासाठी संबंधित आरोग्य व्यवसायांचा कायदा झाला तो २०२१ ला. सत्तर वर्षं! आणि आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची, नर्सची, औषध निर्मात्याची जागा असते, फिजिओथेरपिस्टची नसते. खाजगीत काम आहे, पण ते शहरात जास्त आणि सुरुवातीचा पगार बेताचा.

बीएएमएसचा इतिहास आणखी वेगळा. मुंबई प्रांतात वैद्यांची नोंदणी १९३८ च्या कायद्याने सुरू झाली. महाराष्ट्राचा कायदा १९६१ चा. आधुनिक औषधं लिहायचा अधिकार बीएएमएसला आहे की नाही, हे राज्याच्या कायद्यावर ठरतं, असं सुप्रीम कोर्टाने १९९८ ला सांगितलं. म्हणजे राज्याची हद्द ओलांडली की डिग्री तीच, अधिकार वेगळा. इथं राहणार असाल तर काम आहे: १०८ रुग्णवाहिका, मोठ्या हॉस्पिटलात रात्रपाळीचे आरएमओ, स्वतःचा दवाखाना. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं, बीएससी नर्सिंगवाल्यांनाही. तिथं दरमहा २५,००० मानधन आणि कामाप्रमाणे १५,००० पर्यंत मोबदला. पण ते कंत्राटी.

मग हिशेब काय?

माझ्यासारख्या पामराला या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट समजली. फी किती आहे यावरून डिग्रीची किंमत कळत नाही. फी सांगते की सीटसाठी बाप किती हताश आहे. डिग्रीची किंमत कळते ती पलीकडे कोण वाट बघतंय त्यावरून. कोणती नोंदणी, कोणती जागा, कोणतं हॉस्पिटल, किती पगार. आनंदीबाईंना हे परत येण्याआधी माहीत होतं. आपण प्रवेश घेऊन साडेपाच वर्षांनी विचारतो.

म्हणून अण्णांना आणि तुम्हा सगळ्यांना चार गोष्टी सांगतो.

एक. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. ती बघा. एजंट सांगेल ती फी नाही. त्यावर हॉस्टेल, मेस, पुस्तकं वेगळी धरा.

दोन. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. संस्थास्तरावरची म्हणजे मॅनेजमेंट कोट्याची सीट घेतली किंवा अभिमत विद्यापीठात गेलात तर हा लाभ नाही. म्हणजे एजंटकडून सीट घेताना एकर तर जातेच, वर माफीवरही पाणी सोडावं लागतं. हे एजंट सांगणार नाही.

तीन. कर्जाचा हिशेब आज करा. दहा लाख रुपये, दहा टक्के व्याज, दहा वर्षं, तर महिन्याचा हप्ता साधारण १३,२००. शिक्षण चालू असतानाचं व्याज वेगळं. पंचवीस लाखांना तेहतीस हजार. सुरुवातीच्या पगारातून हे झेपणार का, ते कागदावर मांडा. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, त्यापुढे लागतं, आणि आपल्याकडे तारण म्हणजे तीच जमीन.

चार. कॉलेजचं हॉस्पिटल बघायला जा. सकाळी दहाला ओपीडीत पेशंट आहेत का ते मोजा. पेशंट नसलेल्या हॉस्पिटलात शिकलेली पोर पुढे पेशंटला हात कसा लावणार?

हे सगळं मी अण्णांना काल फोनवर सांगितलं. शेवटी विचारलं, "पोरगी काय म्हणते?" पलीकडे जरा वेळ शांत. मग म्हणाले, "तिला अजून कुणी विचारलंच नाही की ओ."

आज सकाळी त्यांचा फोन आला. पोरगी आतेभावाला घेऊन सांगलीला गेली होती. सिव्हिलमधल्या दोन नर्सताई, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक बीएएमएस आरएमओ यांना भेटून पगार किती, ड्युटी किती तास, सुट्टी किती, सगळं वहीत लिहून आणलंय. अजून काही ठरलेलं नाही. यादीचे राउंड व्हायचेत. पण एजंटला नाही सांगितलंय आणि एकर जागेवर आहे.

तुमच्यापैकी कुणी नर्स, फिजिओथेरपिस्ट, बीएएमएस, बीएचएमएस, लॅब टेक्निशियन असाल तर तुमचा पहिला पगार आणि आजचा पगार खाली लिहा. संस्थेचं नाव नको, जिल्हा आणि वर्ष पुरे. तालुक्यातल्या दहा-वीस आईबापांना त्याचा उपयोग होईल. आणि ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांच्यापर्यंत पोस्ट पोचवा.